सूत कोणाचे, धंदा कोणाचा

कनिष्ठ महाविद्यालयात ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ हा विषय शिकवायला लागून मला सोळा वर्षे झाली. या काळात व्यवसायाची व्याख्या मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिली आहे, की खडू हातात घेतला की ती आपोआप उमटत जाते: वस्तूंची किंवा सेवांची निर्मिती अथवा खरेदी-विक्री, नियमितपणे केलेली, नफ्याच्या हेतूने आणि जोखीम पत्करून. त्यापाठोपाठ प्रकारांचा तक्ता येतो. कामाच्या स्वरूपावरून एकीकडे उद्योग, दुसरीकडे व्यापार आणि व्यापाराला पूरक अशी वाहतूक, गोदामे, बँका, विमा. मालकीवरून एकल व्यापारी संस्था, भागीदारी, संयुक्त हिंदू कुटुंब, सहकारी संस्था आणि संयुक्त भांडवली संस्था. यंदा हा तक्ता पुरा करून मी वर्गाकडे वळले, तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, आमच्या घरी आठ माग आहेत. पण सूत आमचं नसतं आणि कापडपण आमचं नसतं. मग आमचा धंदा ह्यातल्या कुठल्या खान्यात लिहायचा?”

निर्मिती उद्योग, एकल व्यापारी संस्था, असे मी तिला सांगितले आणि तिने ते वहीत उतरवून घेतले. उत्तर चुकीचे नव्हते, परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण मी स्वतः इचलकरंजीतल्या खर्चीवाल्याची, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणाऱ्याची, मुलगी असल्यामुळे त्या उत्तराने तिच्या घरचे काहीच सांगितले जात नाही, हे मला बोलताबोलताच जाणवले होते. आमच्या गावात धंद्याचे प्रकार पाडण्याची एक वेगळीच पद्धत आहे, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि मला ती पाठ्यपुस्तकातल्या पद्धतीपेक्षा खरी वाटते. ती काय आहे ते येथे सविस्तर लिहून ठेवावे म्हणून हा लेख.

इचलकरंजी हे मूळचे घोरपड्यांच्या जहागिरीचे गाव. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग चालवला, असे गावात लहानपणापासून ऐकवले जाते. आज पेठांपेठांतून पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराखाली चार, आठ, बारा, चोवीस असे माग चालतात आणि धोट्याचा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या मागाच्या भागाचा, आवाज थांबला की आमच्याकडच्या माणसाला झोपेतून जाग येते. बाहेरच्या माणसाला हे सगळे कारखाने एकसारखे दिसतात: तेच माग, तेच कापसाच्या धुरळ्याने पांढरे झालेले तुळईचे कोपरे, तोच जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा, पान्हा घेऊन वाकलेला. गावच्या माणसाला मात्र दोन शेजारशेजारच्या छपरांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, कारण तो पहिला प्रश्न विचारतो तो एवढाच, की सूत कोणाचे?

हा प्रश्न समजण्यासाठी कापड होते कसे ते थोडक्यात सांगावे लागेल. सूतगिरणीतून कोनावर गुंडाळलेले सूत येते. उभ्या धाग्यांचे, म्हणजे ताण्याचे, सूत सायझिंगमध्ये जाते. तेथे त्याला खळ लावून, वाळवून, हजारो धागे एका मोठ्या बीमवर, म्हणजे रुळावर, समांतर गुंडाळतात, कारण खळ नसलेला धागा मागाच्या झटक्यात टिकत नाही. बीम कारखान्यात आले की वहिफणीवाला एकेक धागा वहीतून, म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या मागाच्या भागातून, आणि फणीतून ओवतो, आणि हे काम ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ‘बारीक काम’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आडव्या धाग्याचे, म्हणजे बाण्याचे, सूत कांडीवर भरले जाते, कांडी धोट्यात बसते आणि माग सुरू होतो. निघालेले कोरे कापड तपासून, घडी करून, ताग्यांच्या रूपात बाहेर पडते आणि रंगाई-छपाईसाठी बव्हंशी राजस्थानातील पाली, बालोतरा किंवा गुजरातकडे जाते.

आता या सगळ्या साखळीत सूत ज्याचे, कापड त्याचे. जो स्वतःच्या पैशाने किंवा उधारीवर सूत विकत घेतो, ते विणतो किंवा विणून घेतो आणि कापड स्वतःच्या नावाने विकतो, तो खरा कारखानदार. कधी त्याच्याकडे शंभर माग असतात, कधी दहा. ज्याच्याकडे एकही माग नाही पण सूत आहे, तो व्यापारी; तो बीमे भरून देतो, कापड परत घेतो आणि मजुरी चुकती करतो. आणि ज्याच्याकडे माग आहेत, जागा आहे, विजेचे मीटर आहे, कामगार आहेत, पण सूत नाही, तो खर्चीवाला. व्यापाऱ्याचे बीम त्याच्या मागावर चढते, व्यापाऱ्याचाच बाणा भरला जातो आणि कापडाच्या पिकावर, म्हणजे एका इंचात किती आडवे धागे बसले त्या हिशेबाने, मीटरमागे ठरलेले पैसे त्याला मिळतात. कामगाराची मजुरीही याच मापाने ठरते. गावात मजुरीवाढीची वाटाघाट होते ती ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, या एकाच आकड्याभोवती.

आमच्या अण्णांचे सगळे आयुष्य खर्चीत गेले. बीम हातगाडीवरून दारात उतरले की ते आधी त्यावर उजवा तळवा उताणा नव्हे तर पालथा ठेवत आणि हळूहळू कडेकडे सरकवत नेत. खळ कमी बसली असेल तर धागा मऊ लागतो, जास्त बसली असेल तर कडक होऊन तुटतो, आणि दोन्ही वेळा माग सारखा थांबणार असतो. मग ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत बीमचा नंबर, लांबी, सुताचा नंबर आणि आल्याची तारीख लिहीत. त्या वहीत सुताचा भाव कधीच नसे. शेजारचे कारखानदार सकाळी सकाळी सुताच्या बाजाराची चौकशी करीत फिरत तेव्हा अण्णा निवांत चहा घेत असत, आणि लहानपणी मला वाटे की आमचा धंदाच सुखाचा आहे.

एका अर्थाने ते खरेही होते. सुताचा भाव पडला तर खर्चीवाल्याचे काही जात नाही, कारण त्याच्याकडे पडायला काही नसते. पण भाव चढला तरी त्याचे काही येत नाही, आणि व्यापाऱ्याने बीम देणे थांबवले की त्याचा माग उभा राहतो, विजेचा स्थिर आकार चालू राहतो, कर्जाचा हप्ता चालू राहतो आणि चांगला कामगार आठ दिवसांत दुसऱ्याच्या मागावर जातो. पुस्तकात आम्ही ‘जोखीम’ हा एकच शब्द शिकवतो. वास्तविक भावाची जोखीम, कामाची जोखीम आणि उधारीची जोखीम या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच साखळीत वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यावर बसतात, आणि कोणाच्या डोक्यावर कोणती बसली आहे यावरून त्या धंद्याचा प्रकार ठरतो, असे माझे मत आहे. दुकानाच्या पाटीवर काय लिहिले आहे ते नंतर पाहावे.

१९९६ साली अण्णांनी ही रेषा ओलांडायचे ठरवले. आमचे तेव्हा बारा माग होते. मामांनी नोकरीतून थोडी रक्कम साठवली होती, ती त्यांनी घातली. दोघांची भागीदारी झाली, पन्नास-पन्नास टक्के, कागद केला पण संस्थेची नोंदणी केली नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे आणि त्यात नोंदणी सक्तीची नाही, म्हणून बहुतेक लोक ती करत नसत. खर्च आणि हेलपाटे कशाला, असा विचार असे. स्वतःचे सूत घेऊन पॉपलीन विणायचे आणि दलालामार्फत बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्याला विकायचे, असा बेत होता. पहिल्या तीन खेपांचे पैसे वेळेवर आले. चौथी खेप दुप्पट होती, तिच्या पैशाची वाट पाहण्यात पाच महिने गेले, आणि मग त्या व्यापाऱ्याने दुकानच बंद केल्याचे दलालाने सांगितले. सूतवाला मात्र आमच्याच गावातला होता आणि तो रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसत असे. काहीही बोलत नसे, फक्त बसे.

तेव्हा मी शाळेत होते. भागीदारी कायद्याचे ६९ वे कलम मी पुढे बी.कॉम.ला शिकले: नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातून मिळालेला हक्क बजावण्यासाठी त्रयस्थ व्यक्तीविरुद्ध दावा लावता येत नाही. म्हणजे तो व्यापारी सापडला असता तरी नोंदणी केल्याशिवाय कोर्टाची पायरी आमच्यासाठी बंदच होती. याउलट आम्ही ज्याचे देणे लागत होतो त्याला मात्र आमच्यावर दावा लावायची पूर्ण मोकळीक होती, आणि भागीदारांची जबाबदारी अमर्यादित असल्यामुळे ती दोघांच्या घरादारापर्यंत पोचत होती. आईच्या पाटल्या गेल्या, चार माग गेले, मामांशी बोलणे पुढे दोन वर्षे तुटले. उरलेल्या आठ मागांवर अण्णांनी पुन्हा व्यापाऱ्याची बीमे चढवली. “सूत दुसऱ्याचं असलं की झोप आपली असते,” एवढेच ते नंतर म्हणत, आणि तो विषय घरात बंद झाला. आज ते आठ माग माझा भाऊ चालवतो.

मालकीचे जे प्रकार आम्ही शिकवतो ते याच ठिकाणी कामाला येतात, कारण त्यांचा खरा उपयोग नुकसान कोठपर्यंत पोचेल याची हद्द आखणे हा आहे. एकल व्यापारी आणि भागीदारीत ती हद्द नसतेच. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती मानली जाते. इंग्लंडमधल्या सॉलोमन खटल्यात १८९७ साली हे तत्त्व पक्के झाले आणि तेव्हापासून कंपनीचे देणे ते भागधारकाचे वैयक्तिक देणे नव्हे, असे जगभर धरले जाते. खासगी कंपनीला किमान दोन सभासद लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येते. २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारीही आली. वर्गात हे सांगताना मुलांचे चेहरे खुलतात, म्हणून मी त्यांना लगेच पुढचेही सांगते: लहान कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी आणि बहुधा राहत्या घराचे तारणही मागते, त्यामुळे कायद्याने दारातून बाहेर काढलेली अमर्याद जबाबदारी बँकेच्या अर्जातून खिडकीने परत आत येते.

संयुक्त हिंदू कुटुंबाच्या धंद्याविषयी फार लिहीत नाही, कारण आमच्याकडे त्याचा शेवट ठरलेला असतो: चोवीस माग, तीन भाऊ, वडील गेले की आठ-आठ. कर्ता आणि सहदायाद, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीत जन्मापासून वाटेकरी असणारे, यांची प्रकरणे मी तितक्याच तन्मयतेने शिकवते. २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्माने सहदायाद झाली, ही बातमी आमच्या घरात अधिकृतपणे पोचली ती मी हा धडा शिकवायला लागल्यावर. तोवर आठ मागांचा हिशेब मनातल्या मनात भावाच्या नावाने पुरा झालेला होता, आणि खरे सांगायचे तर तो तसाच आहे.

सहकाराचे मात्र वेगळे आहे. एक सभासद एक मत, मग त्याचे भाग कितीही असोत, हे तत्त्व कंपनीच्या ‘जितके भाग तितकी मते’ या तत्त्वाच्या बरोबर उलटे आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रात ते साखर कारखान्यांमुळे घराघरात पोचले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जे उभे केले त्याचे मर्म हेच होते, की ऊस ज्याचा, कारखाना त्याचा. म्हणजे आमच्या गावच्या प्रश्नाचेच ते उसाच्या भाषेतले उत्तर होते. यंत्रमागाच्या पट्ट्यात सहकारी सूतगिरण्या निघाल्या त्याही याच विचाराने, की विणणाऱ्याला सूत दुसऱ्याच्या मर्जीवर मिळू नये. कल्पना उत्तम होती. परंतु खर्चीवाल्याला सूतगिरणीचा भागधारक होऊन फारसा फायदा नव्हता, कारण तो सूत घेतच नव्हता. सूत घेणारा जो वर्ग होता त्याच्यासाठीच ती सोय होती. पुढे काही गिरण्या चालल्या, काही कर्जात बुडाल्या, आणि निवडणुकीच्या वर्षी सभासदांची आठवण कशी निघते याविषयी प्रत्येक गावाकडे आपापल्या गोष्टी आहेत.

आता धंदा बदलतो तो कशामुळे? पुस्तकात ‘व्यावसायिक पर्यावरण’ म्हणून एक प्रकरण असते, त्यात आर्थिक, राजकीय, कायदेशीर, तांत्रिक आणि सामाजिक असे पाच घटक पाच परिच्छेदांत बसवलेले असतात. हे घटक खोटे नाहीत, पण ते असे रांगेत येत नाहीत. ते येतात आणि त्या तीन जोखमींपैकी एखादी एकाच्या डोक्यावरून उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतात.

पहिले उदाहरण माझ्या जन्माच्या आगेमागेचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. तो अधिकृतरीत्या कधी मागेच घेतला गेला नाही असे म्हणतात, पण त्या काळात विणकामाचे काम थांबले नव्हते. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या छपरांखाली आले होते. गिरणी एका छताखाली सूत काढत होती, विणत होती, रंगवत होती आणि हजारो कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची, विम्याची, कायमपणाची जबाबदारी वाहत होती. यंत्रमागाच्या गावाने ते सगळे तुकडे वेगळे केले, आणि प्रत्येक तुकडा इतका लहान ठेवला की जबाबदारी कोणावरच पडू नये. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची मर्यादा होती. त्यामुळे नऊ कामगारांचे छप्पर हे आमच्याकडे नैसर्गिक माप बनले. विजेच्या सवलतीत २७ अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे असे दोन वर्ग पडले, तेव्हा एकाच आवारात वडिलांच्या, आईच्या आणि थोरल्या मुलाच्या नावाचे तीन मीटर दिसू लागले. इचलकरंजीत लहान उद्योग जास्त आहेत याचे कौतुक भाषणांतून होते. पण ते इतके लहान का राहिले याचे उत्तर उद्यमशीलतेत जेवढे आहे तेवढेच या मर्यादांमध्ये आहे. मुंबईच्या संपाने माझ्या गावाला पोसले, ही गोष्ट मला अजूनही अवघड वाटते, आणि वर्गात गिरणगावातून आलेल्या एखाद्या कुटुंबाची मुलगी असेल तर ती सांगताना माझा आवाज उतरतो.

करांचे उदाहरण अधिक मजेशीर आहे. १९५७ च्या कायद्याने कापडावरचा राज्यांचा विक्रीकर जाऊन त्याऐवजी केंद्राचे जादा उत्पादन शुल्क आले, त्यामुळे कापड व्यापाऱ्यांच्या दोन पिढ्या विक्रीकराच्या नोंदणीशिवाय जगल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा गावातले निम्मे लोक प्रथमच असा नंबर घेत होते. या कायद्यात दुसऱ्याच्या मालावर केलेली प्रक्रिया ही ‘सेवा’ समजली जाते. म्हणजे माझा भाऊ, जो दिवसभर कापड विणतो, तो या कायद्याच्या दृष्टीने निर्माता नव्हे तर सेवा पुरवणारा आहे, आणि त्यामुळे नोंदणीसाठी त्याला मालाच्या ४० लाखांची नव्हे तर सेवांच्या २० लाखांची उलाढाल-मर्यादा लागते. तोच भाऊ ‘उद्यम’ या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत मात्र विणकाम करणारा निर्मिती उद्योग असतो. आणि बँकेत त्याची फाईल उघडली की तेथे तो फक्त ‘प्रोप्रायटर’ असतो. एकच माणूस, एकच छप्पर, तेच आठ माग. तीन कार्यालयांत तीन प्रकार. माझ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न केवळ बालसुलभ नव्हता, हे यावरून लक्षात यावे.

याच करात आणखी एक गाठ होती. कृत्रिम धाग्याच्या सुतावर आधी १८ आणि ऑक्टोबर २०१७ पासून १२ टक्के कर होता, पण त्याच्या कापडावर ५ टक्के. म्हणजे सूत घेताना भरलेला कर कापड विकताना पुरता वसूल होत नसे. फरकाचा परतावा कापडाला सुरुवातीला मिळतच नव्हता, तो १ ऑगस्ट २०१८ पासून मिळू लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये असे सूतही ५ टक्क्यांवर आले आणि ती गाठ सुटली. मधल्या आठ वर्षांत ज्याचे सूत त्याचे खेळते भांडवल अडकत होते, आणि ज्याच्याकडे भांडवलच कमी होते असे कितीतरी छोटे कारखानदार या काळात मुकाट्याने खर्चीवर आले. त्यांचे माग तेवढेच राहिले, छपरावरची पाटीही तीच राहिली. कोणत्याही आकडेवारीत ते बंद पडलेले दिसणार नाहीत. धंद्याचा प्रकार मात्र बदलला होता.

भावाची जोखीम कशी असते ते २०२२ साली सगळ्यांनीच पाहिले. त्या वर्षी मे महिन्यात कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो रुई, एक लाख रुपयांवर गेली, आणि सरकारने एप्रिलपासूनच आयात शुल्क तात्पुरते माफ केलेले असूनही सूत रोज नव्या भावाने निघत होते. वर्ष संपेपर्यंत भाव बराच उतरला. आमच्या गल्लीतल्या एका कारखानदाराने चढत्या बाजारात आणखी चढेल म्हणून सूत भरून ठेवले होते. पुढे कापड विकले गेले तेव्हा सुताचाही खर्च निघाला नाही. माझ्या भावाचे सुतात एक पैसाही गेला नाही. पण व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतल्याने त्याच्या आठपैकी पाच माग सहा आठवडे उभे होते, आणि ओडिशाचा एक अत्यंत चांगला कामगार, जो २०२० च्या टाळेबंदीनंतरही परत आला होता, तो या वेळी गेला तो गेलाच.

उधारीच्या जोखमीवर सरकारने अगदी अलीकडे हात घातला. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, हा नियम २००६ च्या कायद्यात होताच. पण तो मोडणाऱ्याला फारसे काही होत नसे. आयकर कायद्याच्या ४३-ब कलमात नवीन तरतूद घालून असे ठरवले गेले की मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येणार नाही, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते लागू झाले. हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. १९९६ साली असे काही असते तर कदाचित आईच्या पाटल्या राहिल्या असत्या, असा विचार ती बातमी वाचताना आला. परंतु कापडाच्या बाजारात महिनोन्‌महिन्यांचा धारा, म्हणजे उधारीची मुदत, हा रिवाज आहे, आणि जो व्यापारी कापड घेतो तोही पुढे उधारीवरच देतो. त्यामुळे मार्च २०२४ मध्ये आमच्या ओळखीच्या दोघा-तिघांकडे ताजे कापड परत आले, आणि एकाला तर त्याच्या गिऱ्हाइकाने स्पष्टच सुचवले की ‘उद्यम’ नोंदणी काढून टाका, मग पूर्वीसारखा व्यवहार करू. संरक्षण मिळवण्यासाठी केलेली नोंदणी गिऱ्हाईक टिकवण्यासाठी मोडायची, हा पेच कोणत्याही स्वाध्यायात घालण्यासारखा आहे. मी तो गेल्या वर्षी घातला होता. एका मुलानेही सरळ उत्तर लिहिले नाही, आणि मी सर्वांना गुण दिले.

राहता राहिले यंत्र. साधा माग मिनिटाला सुमारे १५० पिके, म्हणजे आडवे धागे, टाकतो असे धरले, तर ५२ पिकाचे कापड बारा तासांच्या पाळीत, थांबणे-तुटणे वजा जाता, जेमतेम ४० मीटर निघते. एअरजेट मागात धोटा नसतो, हवेच्या झोताने धागा पलीकडे जातो आणि मिनिटाला ७०० पिके ही काही अचाट गोष्ट नाही; त्याच पाळीत २०० मीटरच्या वर कापड निघते, तेही जास्त पन्ह्याचे आणि कमी दोषांचे. १९९९ पासून केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन योजना होती, तिच्या आधाराने गावात रॅपियर (हाही धोट्याविना चालणारा माग) आणि एअरजेट आले आणि साधे माग भंगारात वजनावर जाऊ लागले. ओतीव लोखंडाचा सांगाडा घणाने फोडताना जो आवाज होतो तो मागाच्या आवाजापेक्षा अगदी वेगळा असतो. आमच्या मागच्या गल्लीत तो आम्ही सलग चार दिवस ऐकला.

सर्वसाधारण समज असा आहे की नवे यंत्र आले की जुना प्रकार मोडतो आणि लहान माणूस मोठा होतो. मला येथे वेगळे दिसते. ज्यांनी कर्ज काढून धोट्याविना चालणारे माग घेतले त्यांतले बरेच जण आजही खर्चीवरच काम करतात, कारण यंत्रात सगळी पत गुंतल्यावर सुतासाठी पैसा उरत नाही. फरक एवढाच, की जुना खर्चीवाला बीम नाही म्हणून माग आठवडाभर बंद ठेवू शकत होता. नव्या खर्चीवाल्याला हप्त्यामुळे तो एक दिवसही बंद ठेवता येत नाही, आणि त्यामुळे मजुरीच्या दराची बोलणी करताना त्याचा हात जास्त दगडाखाली असतो. सूत अजूनही दुसऱ्याचेच असते. आता यंत्रही बँकेचे असते.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी वर्गाला एक प्रकल्प दिला. आपल्या घरचा किंवा शेजारचा कोणताही एक धंदा घ्यायचा, मग तो चहाचा गाडा असो, वहिफणी असो की टेम्पो असो, आणि मालकीचा प्रकार लिहिण्याआधी चार रकाने भरायचे: माल कोणाचा, भाव कोण ठरवतो, काम थांबले तर कोणाचे जाते, पैसे कधी मिळतात. टेम्पोवाल्याच्या मुलाने पहिल्या रकान्यात ‘आमच्याकडे माल नसतो, रस्ता असतो’ असे लिहिले, ते खोडावे की ठेवावे हे मला कळेना, म्हणून ठेवले.

तिने तिच्या घरचेच लिहून आणले होते. पहिला रकाना: शेठजींचा. दुसरा: शेठजी, पण वीज बिल आले की पप्पा बोलून बघतात. तिसऱ्यात तिने ‘आमचे’ लिहून पुढे स्वल्पविराम देऊन ‘आणि कामगाराचे’ असे जोडले होते, आणि ही जोड पाठ्यपुस्तकात कोठेही नसल्यामुळे मी तिच्याखाली रेघ ओढली. चौथ्या रकान्यात पेनाने ‘१५ दिवस’ असे होते आणि त्याच्या शेजारी, वडिलांच्या अक्षरात, शिसपेन्सिलीने: ‘मागच्या दोन बीमांचे अजून यायचे आहेत.’